सरळ केलेला मामा

हे पत्र सांगलीकडच्या एका तालुक्याच्या गावातून आलंय. बरंच लांब होतं, थोडं आटोपशीर करून देतेय, नावगाव काढलंय.

"ताई, माझा मामा गेल्या वर्षी गेला, ५७ वर्षांचा होता. रात्री झोपला तो सकाळी उठलाच नाही. एसटीत कंट्रोलर होता, स्टँडवरच्या केबिनमधून गाड्या पुकारायचा. बाविशीपासून पाठीचं दुखणं, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणके हळूहळू एकमेकांना चिकटत जातात तो संधिवात. शेवटी शेवटी मान आणि पाठ एकच झाली होती, कोणी हाक मारली की अख्खा वळायचा. लग्न केलं नाही, आमच्याच घरी असायचा, आईचा पाठचा भाऊ. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. पेपरात प्रथम पुण्यस्मरण द्यायचंय आणि हॉलमध्ये लावायला फोटो करायचाय. स्टुडिओवाल्याने मामाच्या फोटोतली मान कॉम्प्युटरवर सरळ करून दिली, पाठ ताठ, खांदे वर. आईला तो बघून रडू आलं इतका आवडला. मला बघवत नाही, तो मामाच नाहीये. आई म्हणते जाहिरातीत आजाराचा एक शब्द नको, मी म्हणते आजार वगळला तर ३५ वर्षांतलं उरतं काय. आठ दिवस झाले आम्ही कामापुरतंच बोलतोय.

येणारे जाणारे म्हणतात, सुटला बिचारा. आई ते ऐकलं की उठून आत जाते. भाऊबीजेला ती गच्चीत जाऊन चंद्राला ओवाळून आली, खाली येऊन ताट घासलं, पालथं घातलं आणि झोपायला गेली.

एक गोष्ट कोणालाच सांगितली नाहीये. मी १९ वर्षांची असताना मावसबहिणीच्या लग्नात मामा वरातीत नाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला परीक्षेला सोडायचं होतं, त्याला उठता येईना. मी सगळ्यांसमोर म्हणाले, काल नाचताना बरी दुखली नाही कंबर. तो हसला. मी शेजारच्या काकांच्या गाडीवर गेले. नंतर मामा कुठल्याच वरातीत नाचला नाही.

माझ्या धाकट्या भावाचीपण, २४ चा आहे, चार-पाच महिने सकाळी कंबर आखडते. मामासारखाच पहाटे उठून फेऱ्या मारतो, दहापर्यंत बरा होतो. आई म्हणते जिममध्ये वजनं उचलतो म्हणून. तिने त्याला मामाची शेकायची पिशवी काढून दिलीय, ती बघितली की मामा फार आठवतो. मी काय करू? — भाची"

भाचीबाई, तू तीन गोष्टी विचारल्यास, फोटो, ते 'सुटला' आणि ती वरात. चौथी विचारली नाहीस, जाता जाता लिहून गेलीस. तिच्याकडे शेवटी येते, पण खरं तर पहिली तीच आहे, तेव्हा घाईत असशील तर आधी खाली जाऊन ते वाच आणि मग वर ये.

आता फोटो. तू आईवर चिडलीस की ती खोटा फोटो लावायला निघालीय. पण बघ, तू जन्मलीस तेव्हा मामा दुखण्यात मुरलेला होता, तू त्याला पाहिलंस तेच वाकताना. आईने त्याला २२ वर्षं सरळ पाहिलाय. बरोबर शाळेत जाताना, झाडावर चढताना, भांडताना. स्टुडिओवाल्याने तिला तो भाऊ परत आणून दिल्यासारखं झालं असणार, मग रडू नाही येणार तर काय. त्यामुळे 'हा मामाच नाहीये' हे तिला निदान परत म्हणू नकोस, तिच्यासाठी तो तुझ्या मामाच्याही आधीचा कोणीतरी आहे.

पण त्या फोटोबद्दल मी तुझ्याच बाजूची आहे हेही सांगते. ताठ मानेचा ५७ वर्षांचा माणूस या जगात कधी नव्हताच. बाविशीचा ताठ होता, सत्तावन्नचा वाकलेला होता, या गड्याने दोघांचे तुकडे जोडून तिसराच कोणीतरी शिवलाय. वर स्टुडिओत म्हणे आता सगळ्यांनाच असे फोटो करून देतात, सुरकुत्या काढतात, टक्कल असेल तर केस लावतात, उद्या हार घातलेल्या फोटोतला माणूस कोण म्हणून नातवंडं विचारतील. असो.

आईला सरळ भाऊ हवाय ना, मग खरा सरळ शोधा की. आईच्या लग्नाचा अल्बम काढ. कानपिळीचा फोटो असणारच त्यात, नवरीचा भाऊ म्हणून मामाने तुझ्या बाबांचा कान पिळलेला असणार, कपाळाला कुंकू, नवीन शर्ट, आणि मागे बायका हसतायत. हिशोब कर, तेव्हा तो विशीच्या आतबाहेर असेल, मान ताठ असेल, आणि आईचं लग्न म्हणजे त्याच्या चेहऱ्यावर माजही असेल थोडा. रंग उडाला असेल तर तेवढा त्या स्टुडिओवाल्याकडून नीट करून घ्या, मानेला हात लावू नको म्हणावं. हॉलमध्ये तो लावा आणि शेजारी केबिनमधला एखादा, हातात माईक, आहे तसा वाकलेला. केबिनमधला तुमच्याकडे नसेल तर डेपोत विचार, निरोप समारंभाचे, खंडेनवमीला गाड्यांची पूजा करतात तेव्हाचे फोटो कोणाच्या तरी मोबाइलमध्ये असतातच. आणि तो सरळ केलेला फाडून बिडून टाकू नका, आईला तिच्या कपाटात ठेवायचा असेल तर ठेवू दे.

जाहिरातीचं फार ताणू नकोस. पेपरवाले सेंटिमीटरवर पैसे घेतात, त्या एवढ्याशा चौकटीत ३५ वर्षं मावत नाहीत, आणि आजाराचं ते लांबलचक नाव घातलं तर निम्मी जागा तेच खाईल. पण ते 'काळाने घाला घातला', 'मायेचा आधारवड' वगैरे छापील मजकूर देतात तोही नको, तो कुठल्याही माणसाला बसतो. मी असती तर असं काहीतरी लिहिलं असतं: 'पहाटेच्या पहिल्या गाडीपासून स्टँडवर ज्यांचा आवाज घुमला, दुखरी पाठ घेऊन जे रोज ड्युटीवर हजर राहिले, ते आमचे मामा.' दुखरी पाठ एवढे दोनच शब्द आहेत. आईला दाखव. नको म्हणाली तर तेही काढ, तिचा भाऊ आहे, त्या चौकटीवर तुझ्यापेक्षा तिचा हक्क जास्त.

तुला जे लिहायचंय ते एखाद्या २०० पानी वहीत लिही. आजार काढला तर काय उरतं असं तू विचारलंस ना? तो अख्खा वळायचा, असं तूच लिहिलंयस. का वळायचा, तो आजार. पण वळून काय म्हणायचा? ते तू लिहिलेलंच नाहीस! 'काय गं टवळे' म्हणायचा, का नुसता भुवया उडवायचा, का आधी खिशात हात घालून श्रीखंडाची गोळी काढायचा? मान वळत नसताना तो बस फलाटाला लागलेली कशी ओळखायचा, आवाजावरून? एसटीतल्या जुन्या लोकांना इंजिनाच्या आवाजावरून गाडी कुठल्या डेपोची ते कळतं म्हणतात, त्याला कळायचं का? हे असलं लिही.

आणि आईला विचारून लिही, कारण पहिली दहा वर्षं तुला माहीतच नाहीत. १९९० च्या आसपास आपल्याकडे वीस-बावीस वर्षांच्या पोराची पाठ धरली तर कोणी संधिवाताचं बघायचं नाही. उसण भरली म्हणायचे. मग पायाळू माणूस शोधायचा आणि त्याच्याकडून पाठीला पाय लावून घ्यायचा, मग निर्गुडीच्या पाल्याचा शेक, बिब्बा घालायचा, वात आहे म्हणून वांगं-बटाटा-हरभरा बंद. मामाच्या पाठीवर बिब्ब्याचे काळे डाग होते का गं? त्याला या सगळ्या ठिकाणी कोण घेऊन गेलं असेल, आईच ना. एक्सरेत मणके एकमेकांना चिकटून कळकाच्या काठीसारखे दिसायला लागतात, डॉक्टर त्याला बांबू स्पाइनच म्हणतात, पण तिथपर्यंत यायला कित्येक वर्षं जातात, आणि तोवर एक्सरे नॉर्मल, रक्त बरं, म्हंजे पोरगं कामचुकार. त्या वर्षांत तुझी आई कोणाकोणाशी भांडली असेल ते तिला एकदा बोलू दे. तिला आजाराचा शब्द का नकोय ते मला वाटतं तिथेच कुठेतरी सापडेल.

अजून एक विचार तिला. मामाचा एखादा डोळा मधूनमधून लालभडक व्हायचा का, उजेड सहन व्हायचा नाही, आणि मग घरात 'डोळे आलेत' म्हणून त्याचा टॉवेल वेगळा, पोरांना जवळ जाऊ द्यायचं नाही? या आजारात डोळ्याच्या आत, बाहुलीभोवतीच्या रंगीत भागाला सूज येते बऱ्याच जणांना. ती लागण होणारी नसते. तुमच्याकडे तसं झालं असेल तर त्या आठ-आठ दिवसांत तो विनाकारण एकटा बसला असणार. कोणाची चूक म्हणून सांगत नाहीये, डोळे आले की असंच करतात सगळे. पण वहीत लिही.

आता ते 'सुटला'. मला हा शब्द आवडत नाही असं म्हणून मोकळी होणार होते, पण मग आठवलं की माझे सासरे गेले तेव्हा मीच म्हटला होता. त्यांना चेहऱ्याच्या नसेचं दुखणं होतं, ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया. वारा लागला, घास चावला, दाढीचं ब्लेड गालावरून फिरलं की करंट बसल्यासारखी कळ. दात दुखतोय समजून दोन धडधाकट दात काढले एकाने, नंतर कळलं की दुखणं नसेचं. उन्हाळ्यात मफलर गुंडाळून बसायचे आणि उजव्या गालावर दाढीचे खुंट तसेच. ते गेल्यावर मी दारात उभी राहून शेजारणीला म्हणाले, सुटले हो. सासूबाईंनी फक्त बघितलं माझ्याकडे. पुष्कळ दिवसांनी कळलं की मी सुटले होते, रात्री-अपरात्री गोळी कुठंय म्हणून हाक येण्यातून. दुसऱ्याचं दुखणं बघून माणूस दमतो आणि ते दमणं सरळ बोलता येत नाही, मग ते मेलेल्या माणसाच्या नावावर टाकायचं.

त्यामुळे त्या येणाऱ्या-जाणाऱ्यांशी भांडत बसू नकोस, त्यांना दुसरं काही सुचत नसतं. पण आईला वाचवायचं असेल तर एक कर, कोणी सुटला म्हटलं की लगेच मध्ये तोंड घालून म्हण, 'काका, तुम्हाला मामाची कुठली गाडी आठवते?' किंवा असंच काहीतरी. लोकांना आठवण काढायला दिली की ते सुधारतात. तुझा मामा सुटला असं म्हणायचा हक्क कोणाला असेलच तर पहाटे तीनला त्याला पाणी तापवून देणाऱ्या बाईला, आणि ती म्हणत नाहीये. झोपेत गेला म्हणून लोकांना बरं वाटतं, पण या आजारात रात्रच वैरी असते. पडून राहिलं की दुखतं, मध्यरात्र उलटली की ठणका लागतो, उठून हिंडलं की सैल पडतं. ज्या माणसाने ३५ वर्षं झोप अशी चोरून घेतली तो झोपेत गेला, याला सुटणं म्हणायचं की काय म्हणायचं ते आईला ठरवू दे.

यातच तुझ्या वरातीचं उत्तर आहे. इतर पाठदुखी कशी, काम केलं की वाढते, आडवं पडलं की कमी होते. मामाची उलटी. वरातीत नाचत होता तोवर अंग गरम, सांधे मोकळे, त्याला खरंच कमी दुखत असणार, नाटक नव्हतं ते. मग लग्नघर, सतरंजीवर आडवं व्हायचं, वर पंखा, आणि सकाळी पाठीची फळी झालेली. तू १९ ची होतीस, तुला हे कोणी समजावलं नव्हतं, रात्री नाचलेला माणूस सकाळी उठत नाही म्हंजे बाकी कोणालाही जे वाटलं असतं ते तू बोललीस.

म्हणून तुझी चूक नव्हती असं मी लिहिणार नाही. जगभरातल्या वेदनातज्ज्ञांची संघटना आहे, तिने १९७९ मध्ये वेदना म्हणजे काय याची व्याख्या केली, २०२० मध्ये ती सुधारली, आणि तिच्या टिपांमध्ये एक साधं वाक्य आहे की माणूस दुखतंय म्हणाला तर त्याच्या सांगण्याचा मान ठेवावा. एवढ्या शिकलेल्या लोकांना हे लिहून ठेवावं लागलं, यावरून बघ की न ठेवणारे किती असतील. तू त्यांतली एक, त्या सकाळपुरती. मामाने तुला माफ केलं असेल असंही मी म्हणणार नाही, मला काय माहीत. तो हसला कारण बाविशीपासून तो हेच ऐकत आला असणार आणि हसणं सगळ्यात स्वस्त पडतं. नंतर वरातीत नाचला नाही ते तुझ्या बोलण्यामुळे, का तोवर कमरेचे सांधेच धरले म्हणून, हे आता कळायला मार्ग नाही. ते तसंच अर्धवट घेऊन राहावं लागेल तुला. पण एकटीने नको. आईला सांग. अल्बम काढून बसाल तेव्हाच सांग, फोटो बघताना माणूस एकमेकांकडे बघत नसतो, बोलायला सोपं जातं. ती रागावेल कदाचित. किंवा तिच्याकडेही असलंच काहीतरी असेल, भाऊ-बहिणीत नसतंच असं मला वाटत नाही.

आता चौथी गोष्ट, तुझा भाऊ.

२४ वर्षांचा मुलगा, तीन महिन्यांपेक्षा जास्त दिवस कंबर आखडतेय, पहाटे जाग येते, झोपून राहिलं की वाढतं, हिंडलं की कमी होतं. हे जिमचं दुखणं वाटत नाही गं. जिमचं असतं तर विश्रांतीने बरं वाटलं असतं. मी डॉक्टर नाही, आणि कदाचित दुसरंच काही निघेल, निघो. पण हा आजार घराण्यात फिरू शकतो. एचएलए-बी२७ नावाचं एक जनुक आहे, या आजाराशी त्याचा संबंध १९७३ मध्ये लक्षात आला. ते अंगात असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीही होत नाही, त्यामुळे नुसती ती टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरायचं नाही. पण लक्षणं अशी आणि सख्खा मामा असा, म्हंजे थांबायचंही नाही.

हाडांच्या डॉक्टरकडे नाही, संधिवाततज्ज्ञाकडे न्यायचं, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट. तुमच्या तालुक्यात नसेल, सांगली-मिरजेत किंवा कोल्हापुरात बघा. आत गेल्यावर पहिलं वाक्य 'कंबर दुखते' असं नको, 'सकाळी तासतास आखडलेली असते, चाललं की सुटते, मामाला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस होता' असं सांगायचं. एक्सरे नॉर्मल आला म्हणून परत फिरायचं नाही, सुरुवातीला एक्सरेत दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसू शकतं. सिगरेट ओढत असेल तर ती बंद, तिने हा आजार जास्त चिघळतो. आणि मामाच्या उरलेल्या गोळ्या कपाटात असतील तर त्या त्याला देऊ नका, मामाच्या पोटाला आणि वयाला जे लिहिलं होतं ते याला कशाला.

मामाच्या वेळी वेदनाशामक गोळ्या आणि व्यायाम यापलीकडे फारसं नव्हतंच. सूज मुळातून दाबणारी इंजेक्शनं या आजारासाठी २००३ च्या सुमाराला आली तीही परदेशात आणि भयंकर महाग, आपल्याकडे त्यातल्या एकाची देशी बनावटीची आवृत्ती २०१४ च्या शेवटी आली. स्वस्त अजूनही नाहीत, आणि सगळ्यांना लागतात असंही नाही, बऱ्याच जणांचं गोळ्या आणि रोजचा व्यायाम यावर भागतं. पण वेळेत सापडलं तर या मुलाची मान मामासारखी धरेलच असं आता राहिलेलं नाही, हे आईला कोणीतरी सांगायला हवं.

कारण तिला कळलंय, भाचीबाई. तू सहज लिहिलंस की तिने मामाची शेकायची पिशवी काढून दिली. जिमचं दुखणं वाटलं असतं तर बाम दिला असता, चार दिवस जिम बंद कर म्हणाली असती. वर्षभर जपून ठेवलेली भावाची पिशवी तिने पोराच्या हातात दिलीय आणि वर म्हणतेय जिमचं आहे. पहाटे चारला त्याच्या फेऱ्या तिला ऐकू येत नसतील? ३५ वर्षं तोच आवाज ऐकलाय तिने. आणि अशा वेळी तू तिच्यासमोर आजार आजार करत बसलीस, तिला पेपरात तो शब्द कसा सहन होईल.

तेव्हा वर्षश्राद्धाची वाट बघू नकोस. याच आठवड्यात अपॉइंटमेंट घे, तू घे, भावाला बरोबर ने आणि आईलाही चल म्हण. मामाच्या जुन्या फाइली, एक्सरे तिनेच कुठेतरी गादीखाली सपाट ठेवलेले असतील, ते बरोबर घ्यायला सांग. येताना वाटेत स्टँड लागत असेल तर थोडा वेळ उतरा.

आणि कानपिळीचा फोटो सापडला का ते कळव. भावाचंही.